चूक शोधायला शिकणं : टिफ्रॅक ते केजीडीबी

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. संगणकाचा इतिहास सांगताना आपण यंत्रांबद्दल बोलतो, कंपन्यांबद्दल बोलतो, फार तर प्रोग्रॅमिंगच्या भाषांबद्दल बोलतो. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला विचारा, तुझा दिवस कशात जातो? तो सांगेल, लिहिलेलं का चालत नाही हे शोधण्यात. त्याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. आज तो सांगायचा प्रयत्न करणार आहे, आणि शक्यतो आपल्याच भागातल्या उदाहरणांतून.

पनवेल त्यासाठी सोयीची जागा आहे. एका बाजूला कुलाबा, जिथे भारतात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक उभा राहिला. दुसऱ्या बाजूला घाट चढून गेलं की पुणे. आणि मध्ये आपण. इथून रोज सकाळी हार्बर लाइनने आणि बसने किती तरी मुलंमुली सॉफ्टवेअरच्या नोकरीला जातात, आणि आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी नवी भरती होते. म्हणजे आजचा प्रश्न समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या पोटापाण्याचा आहे.

प्रश्न असा : चुका शोधायची हत्यारं, ज्यांना आपण डीबगर म्हणतो, ती शिकायला इतकी अवघड का वाटतात? आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत ती सोपी होत गेली, तसे आपण चुका शोधण्यात हुशार होत गेलो का?

शिकण्याचा आलेख

आधी एक शब्द साफ करून घेऊ. इंग्रजीत ज्याला लर्निंग कर्व्ह म्हणतात तो शिकण्याचा आलेख. १९३६ साली टी. पी. राइट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्याचा हिशोब मांडला. बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागचे श्रम साधारण वीस टक्क्यांनी कमी होतात, असं त्याला दिसलं. काम करता करता हात बसतो, त्याचं हे गणित.

डीबगिंगला हे गणित नीट लागू पडत नाही. विमान बनवताना दहावं विमान नवव्यासारखंच असतं. चुकीचं तसं नसतं. एकदा सापडलेली चूक पुन्हा त्याच रूपात क्वचितच येते. मग इथे हात बसतो तो कशावर? हा प्रश्न मनात ठेवा, त्याचं उत्तर इतिहासातूनच येईल.

सव्वाशे ओळी, वीसेक चुका

‘बग’ शब्दाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते : ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू संगणक, रिलेमध्ये अडकलेला पतंग, आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवलेला. गोष्ट खरी आहे, पण शब्द जुना आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात तो यंत्रातल्या बारीकसारीक दोषांसाठी आलेला आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती केंब्रिजची गोष्ट. १९४९ च्या मे महिन्यात तिथे एडसॅक हा संगणक चालू झाला. तो बांधणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे की जिना चढताना एकदा त्यांना लख्ख जाणवलं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्यांच्या एका सुरुवातीच्या प्रोग्रॅमची कागदी पट्टी पुढे अभ्यासकांच्या हाती लागली. १२६ ओळींचा प्रोग्रॅम आणि त्यात वीसेक चुका! संगणक बांधणाऱ्या माणसाची ही अवस्था होती.

यावर त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी एक युक्ती काढली आणि १९५१ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. प्रोग्रॅम थेट न चालवता दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या देखरेखीखाली चालवायचा, आणि तो एकेक पायरीला काय करतोय ते छापून घ्यायचं. आजच्या डीबगरचा हा पणजोबा म्हणता येईल.

कुलाबा : दोन संशयित

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने संगणक बांधायला घेतला. १९५६ मध्ये आधी छोटं प्रायोगिक यंत्र, मग फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण आकाराचं. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. स्मृती किती? ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे दहा किलोबाइट. आज तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्यात मावणार नाही.

या गटातल्या बहुतेकांनी त्याआधी संगणक वापरलेलाच नव्हता. म्हणजे एकाच वेळी यंत्र बांधायचं, ते चालवायचं आणि त्यावर प्रोग्रॅम लिहायचे. आणि यात हजारो निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह. जुना रेडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, व्हॉल्व्ह कधी रुसेल सांगता येत नाही.

आता विचार करा, उत्तर चुकीचं आलं. दोष कुणाचा? प्रोग्रॅमचा की यंत्राचा? समोर दोन संशयित आहेत. म्हणून त्या पिढीचा पहिला धडा असा की आधी एका संशयिताला बाजूला काढायचं. ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असा तपासणीचा प्रोग्रॅम यंत्रावर चालवायचा. तो बरोबर चालला तर मग आपल्या लिखाणाकडे बोट दाखवायचं. डीबगर नव्हता, पडद्यावर ओळी दाखवणारं काही नव्हतं, पण पद्धत होती : शंकांची यादी करा आणि एकेक खोडत या.

गड्डी, रांग आणि ड्राय रन

१९६४ साली टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला. तो देशभरातल्या संशोधकांसाठी होता. फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, पंचकार्डांवर टोचून घ्यायचा, ती गड्डी खिडकीवर द्यायची, आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी. बाहेरगावाहून गड्डी पाठवलेल्याला त्याहून उशिरा. एक स्वल्पविराम चुकला असेल तर एवढं थांबून हातात काय? चूक आहे, असं सांगणारा कागद.

प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर यंत्राच्या स्मृतीतलं सगळं जसंच्या तसं छापून मिळे. त्याला कोअर डंप म्हणत, कारण स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे कोअरची असे. या यंत्राचा शब्द ४८ बिटांचा, म्हणजे अष्टमान पद्धतीत सोळा आकडे. पानंच्या पानं नुसते शून्य ते सात. त्यातून आपला चल कुठे बसलाय आणि त्याच्यात काय पडलंय ते बोटाने शोधायचं.

या त्रासातून एक सवय तयार झाली. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत तिला अजूनही ‘ड्राय रन’ म्हणतात. यंत्राला देण्याआधी कागदावर कोष्टक करायचं, प्रत्येक चलाला एक रकाना, आणि आपणच संगणक होऊन ओळीमागून ओळ चालायची. दिवसाला एकच संधी मिळणार असेल तर माणूस ती फुकट घालवत नाही. तो आधी अंदाज बांधतो, मग यंत्राला विचारतो.

त्या काळाचं उगाच कौतुक करायचं नाहीये. कितीतरी हुशार माणसांचे महिने त्या खिडकीपाशी वाया गेले. जे मुंबईत नव्हते, ज्यांची संगणकावर वेळ मिळवण्याएवढी ओळख नव्हती, ते मागेच राहिले. सक्तीने लागलेली ती एक सवय मात्र मोलाची होती.

डीडीटी नावाचं औषध

वाट बघणं संपवणारं हत्यार अमेरिकेत एमआयटीत तयार झालं. १९६१ च्या सुमारास पीडीपी-१ या यंत्रासाठी तिथे एक डीबगर लिहिला गेला, नाव डीडीटी. बग मारायचं औषध म्हणून डीडीटी! आपल्याकडे त्याच काळात मलेरियासाठी घराघरांत डीडीटीची फवारणी होत होती, त्यामुळे विनोद समजावून सांगायची गरज नाही.

टीआयएफआरमध्ये सत्तरच्या दशकात सॉफ्टवेअरसाठी एक राष्ट्रीय केंद्र सुरू झालं आणि तिथे डेक-१० हा संगणक आला. त्याला टर्मिनल जोडलेली होती आणि डीडीटीही त्याच घराण्यातलं. याच केंद्रातून पुढे १९८५ मध्ये एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था झाली, आणि २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचा जो परिसर दिसतो, तो याच परंपरेतला. कुलाब्याला सुरू झालेली ही ओळ आपल्या दारात येऊन पोचलेली आहे.

डीडीटी वापरायचं कसं? पत्ता टाइप करून तिरकी रेघ मारली की त्या जागेत काय आहे ते दिसे. एस्केप दाबून एक अक्षर दिलं की प्रोग्रॅम चालू, दुसरं दिलं की इथे थांब. चुकलात तर समजावून सांगणारं वाक्य वगैरे नाही, फार तर एक प्रश्नचिन्ह. अशी गोष्ट पुस्तकातून शिकता येत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस काय करतोय ते बघून ती शिकावी लागते. स्वयंपाकात मीठ किती घालायचं हे आईच्या हाताकडे बघूनच कळतं ना, तसं.

डीबगर अवघड का वाटतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. आज्ञा मोजून दहा-बारा असतात, त्या आठवड्यात पाठ होतात. पण कुठे थांबवायचं आणि थांबल्यावर काय बघायचं, हे त्या आज्ञांच्या यादीत लिहिलेलं नसतं. ते संगतीने येतं. ज्याला अशी संगत मिळाली नाही, त्याचा आलेख वर्षानुवर्षं सपाट राहतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच अक्कल कमी.

निळा पडदा आणि एफ-सात

आता तुमच्या ओळखीच्या गोष्टीकडे. टर्बो सी. निळा पडदा, पिवळी-पांढरी अक्षरं. महाराष्ट्रातल्या किती पिढ्या यावर शिकल्या! सोबत बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. यंत्र घरात नसेल तर क्लासमध्ये तासाच्या हिशोबाने.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या टर्बो सी २.० मध्ये डीबगर आतच बसवलेला होता. एफ-सात दाबलं की एक ओळ पुढे, फंक्शनच्या आत शिरून. एफ-आठ दाबलं की फंक्शन ओलांडून. कंट्रोल एफ-सात दाबून एखाद्या चलावर नजर ठेवता येई. गिलने १९५१ मध्ये जे कागदावर छापून घेतलं, ते आता शाळकरी मुलाच्या बोटाखाली आलं होतं. फुकटात, क्षणात.

आणि तरी बहुतेकांनी ते वापरलंच नाही. आजही लॅबमध्ये बघा. प्रॅक्टिकलची फाइल असते, त्यात कोड आणि आउटपुट. चूक कशी शोधली याला फाइलमध्ये जागा नाही आणि परीक्षेत गुण नाहीत. जर्नलमधला कोड बरोबरच असतो, कारण तो मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आलेला असतो. (हशा) हसू नका, हे गंभीर आहे. अंदाज बांधायची सक्ती गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. एखादी ओळ बदलून बघ, पुन्हा चालव, परत बदल. यंत्र वेगवान झालं, म्हणून हे परवडू लागलं, एवढंच.

टर्बो सीचा आणखी एक परिणाम झाला. ते डॉसवर चालायचं, आणि डॉसमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या किंवा खुद्द सिस्टिमच्या स्मृतीत हात घालण्यापासून अडवणारं कुणी नव्हतं. अ‍ॅरे दहाचा आणि तुम्ही अकरावं घर लिहिलंत, तर बरेचदा काहीच होत नसे. नल पॉइंटरमधून लिहिलंत तर फार तर शेवटी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा संदेश, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करायचे. तोच विद्यार्थी पुढे लिनक्सवर आला की तसल्याच चुकीला सिस्टिम बरेचदा थेट प्रोग्रॅम बंद पाडायची : सेगमेंटेशन फॉल्ट. त्याला वाटायचं लिनक्स अवघड आहे. खरं तर चूक पहिल्यापासून होतीच, ती आता कळू लागली होती.

लिनक्सवरचं हत्यार म्हणजे जीडीबी, १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेलं. काळा पडदा, बटणं नाहीत. पण त्यात एक आज्ञा आहे, बॅकट्रेस. प्रोग्रॅम मेला त्या क्षणी कोण कुणाला बोलावत इथवर आलं, त्याची साखळी ती दाखवते. पोलिस पंचनाम्यासारखं. नवशिक्याने एवढी एक आज्ञा शिकली तरी अर्धी लढाई जिंकली. त्यानंतर २००२ मध्ये व्हॅलग्राइंड आलं, ते मॅलॉकने मागून घेतलेल्या स्मृतीतली तसली अकराव्या घरातली चूक घडते त्याच क्षणी पकडतं. हत्यारं कमी नाहीत, मंडळी.

पुण्याहून चाललेला एक वाद

आता मुख्य गोष्ट. २००० च्या सुमारास जगभरच्या लिनक्स लिहिणाऱ्यांत एक वाद पेटला. लिनक्सचा जो गाभा, कर्नल, त्यातल्या चुका शोधायला डीबगर असावा का? साधा प्रोग्रॅम तपासायला जीडीबी आहे. पण कर्नलच थांबला तर जीडीबी चालणार कशावर? पाटावर बसून तोच पाट उचलता येत नाही.

उपाय म्हणजे केजीडीबी. दोन यंत्रं घ्यायची, मध्ये सिरियल केबल. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी घेऊन बसलेला माणूस. या यंत्राच्या नाडीवर त्या यंत्रातून बोट.

या केजीडीबीची देखभाल काही वर्षं पुण्याहून होत होती. अमित काळे या अभियंत्याने ती सांभाळली. आज लिनक्सच्या मूळ संहितेतली डीबगरची मुख्य फाइल उघडलीत, तर वरच्या हक्कांच्या ओळींत व्हेरिटास सॉफ्टवेअर, अमित काळे, पुण्याची लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही नावं आहेत. जगातल्या कोट्यवधी यंत्रांवर चालणाऱ्या कर्नलच्या संहितेत ती नोंद कायमची आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ती माहीत नसते.

काम जिकिरीचं होतं, कारण केजीडीबी मुख्य कर्नलचा भाग नव्हता. तो बाहेरून लावायचा पॅच होता. कर्नलची नवी आवृत्ती आली की पॅच नव्याने बसवा. आणि तो आत का नव्हता? कारण खुद्द लिनस टोरवाल्ड्सचा विरोध. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी मेलिंग लिस्टवर सविस्तर लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : डीबगर हाताशी असला की माणूस लक्षणावर उपाय करतो, कारणाचा विचार करत नाही. मला असे लोक हवेत जे संहिता वाचून, विचार करून चूक शोधतील. वाट अवघड असली तर लोक जपून चालतील.

ओळखीचं वाटतं? ही पंचकार्डाच्या खिडकीची बाजू आहे. अडचण ठेवा, म्हणजे डोकं चालेल.

दुसरी बाजू काय होती? कर्नल आता एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढा राहिलेला नाही. यंत्र नवीन, चिप नवीन, गिऱ्हाईक उद्या माल मागतंय, आणि दुसऱ्याने लिहिलेली संहिता आपल्या गळ्यात आहे. पुण्या-बंगळूरच्या अभियंत्यांची परिस्थिती नेमकी हीच होती. त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहिलेलं सॉफ्टवेअर फार थोडं. बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्यांनी लिहिलेलं आलं. मूळ लेखकाला विचारपूर्वक वाचन पुरेल. परक्या घरात अंधारात चालणाऱ्याला कंदील लागतो.

निकाल? जुलै २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी अखेर आत आला. तोवर देखभाल इतरांकडे गेली होती आणि संहिता बरीच काटछाट करून साफ केलेली होती. हत्यार जिंकलं असं म्हणू शकता. पण टोरवाल्ड्सचा मुद्दा हरला असं मी म्हणणार नाही. केजीडीबी यंत्र थांबवतो, आणि कितीतरी चुका वेळेच्या असतात. दोन कामं एकाच क्षणी एकाच जागी भिडली तरच त्या दिसतात. थांबवलंत की नाहीशा. तिथे पुन्हा विचारच करावा लागतो.

तर हात बसतो कशावर?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. टिफ्रॅकचा माणूस, गड्डी घेऊन रांगेत उभा असलेला माणूस, डीडीटीवाला, पुण्यात केबल जोडून बसलेला. हत्यारं वेगळी, पण त्यातले जे तरबेज झाले ते एकाच गोष्टीत झाले : यंत्राला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारण्यात. ‘इथे पोचेपर्यंत ही संख्या बरोबर होती का?’ हा प्रश्न. ‘काय बिघडलंय?’ हा प्रश्न नव्हे, ते गाऱ्हाणं.

डीबगर हे उत्तर मिळवायचं साधन आहे. प्रश्न तयार नसेल तर ते नुसतं एफ-सात दाबत बसण्याचं यंत्र होतं. म्हणून आलेख आधी सपाट असतो, आणि प्रश्न विचारता येऊ लागला की एकदम चढतो.

इथल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये एक पान वाढवा. चूक कोणती होती, अंदाज काय बांधले, कोणता कसा खोडला. त्याला गुण द्या. आणि मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम मुलांना द्या, दोघादोघांना शेजारी बसवून. याला अनुदान लागत नाही. नोकरीत पहिल्या दिवशी कुणी कोरा कागद हातात देत नाही, दुसऱ्याचं बिघडलेलं देतात.

एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : सर, आता एआयला चूक दाखवली की तो दुरुस्त करून देतो. मग हे शिकायचं कशाला?

उत्तर : वापरा की, जरूर वापरा. मी अडचण ठेवा म्हणणाऱ्या पक्षातला नाही. पण त्याने दिलेली दुरुस्ती बरोबर आहे हे कशावरून? लक्षण गेलं की कारण गेलं? ते ठरवायला तुम्हालाच तपास करता यावा लागतो. टिफ्रॅकवाल्यांपुढे दोन संशयित होते, प्रोग्रॅम आणि यंत्र. तुमच्यापुढे आता तिसरा आला, सल्ला देणारा. संशयित वाढले, बाई, तुमचं काम कमी कुठे झालं?

प्रश्न (एक ज्येष्ठ श्रोते) : प्रिंट टाकून चूक शोधणं कमीपणाचं मानतात, ते बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही. युनिक्सच्या घराण्यातल्या ब्रायन कर्निघन यांनीही सत्तरच्या दशकात नीट विचार आणि जागा निवडून टाकलेले प्रिंट यांचीच शिफारस केली होती. जागा निवडून, हे महत्त्वाचं. वीस ठिकाणी टाकलेत तर तो पुन्हा कोअर डंपच झाला. बसा, चहा आहे बाहेर.